मागचे पाय लटपटतात तेव्हा

कुत्र्याच्या मागच्या पायांतला जोर कमी होणे हे एक लक्षण आहे आणि त्यामागची कारणे डझनावारी आहेत. खुब्याचा सांधा झिजलेला असतो, गुडघ्यातला अस्थिबंध तुटलेला असतो, मणक्यांमधली गादी सरकलेली असते, मज्जारज्जूचा रक्तपुरवठा अडलेला असतो, गोचिडांमुळे ताप भरलेला असतो, नाहीतर रात्री अंगणात मण्यार चावलेली असते. घरच्यांना मात्र दरवेळी दिसते ते सारखेच: उठताना मागचा भाग डगमगतो, जिन्याच्या पहिल्या पायरीशी कुत्रा थबकतो, गुळगुळीत फरशीवर पाय फाकतात. मग पुष्कळदा कॅल्शियमचे सिरप, बी-कॉम्प्लेक्सचे इंजेक्शन आणि सोबत एखादे स्टेरॉइड असा उपाय होतो. कुत्रा चार दिवस बरा चालतो आणि पुन्हा बसतो. स्टेरॉइडने सूज आणि वेदना दबलेली असते. मूळ कारण तसेच असते, आणि आता ते शोधणे आधीपेक्षा अवघड झालेले असते.

अशा रुग्णाच्या तपासणीत आधी ‘कुठे बिघडले’ आणि मग ‘काय बिघडले’ असा क्रम पाळावा लागतो. सांधा, हाड, स्नायू, नस, मज्जारज्जू की सगळे शरीरच थकलेले, हे ठरल्याशिवाय काढलेला एक्स-रे आणि केलेली रक्ततपासणी म्हणजे अंधारात मारलेले दगड. एखादा लागतोही, पण तो कशाला लागला ते कळत नाही.

सुरुवात होते ती घरच्यांच्या सांगण्यापासून. त्रास एका रात्रीत आला की महिनोन्‌महिने वाढत गेला, एका पायात जास्त आहे की दोन्हींत सारखा, कुत्रा कण्हतो का, लघवी स्वतः करतो का, कोणती औषधे आधीच दिली आहेत, या उत्तरांवर निम्मे निदान अवलंबून असते. मोबाइलवर काढलेला व्हिडिओ इथे फार कामाचा ठरतो. दवाखान्यात घाबरलेला कुत्रा लंगडणे विसरतो किंवा टेबलावर नुसता आखडून बसतो. घरी, घसरत नाही अशा जमिनीवर, मागून आणि बाजूने चालताना घेतलेले अर्ध्या मिनिटाचे चित्रण डॉक्टरांना बरेच काही सांगून जाते.

पहिली मोठी विभागणी करायची ती दुखणारा पाय आणि ‘खबर न पोहोचणारा’ पाय यांच्यात. दुखणारा कुत्रा पावले आखूड टाकतो, वजन पुढच्या पायांवर ढकलतो, पण पंजा जमिनीवर सरळ ठेवतो. मज्जारज्जूचा बिघाड असलेल्या कुत्र्याला आपला पाय कुठे आहे हेच नीट कळत नाही. मागचा भाग दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खातो, वळताना पाय एकमेकांत अडकतात, पंजा उलटा पडतो. सिमेंटच्या रस्त्यावर नखांचा खरखर आवाज येतो. मागच्या पंजाची मधली दोन नखे वरच्या बाजूने घासून बोथट झाली असतील, तर पाय बऱ्याच दिवसांपासून ओढला जात आहे असे समजावे.

हे पडताळण्याची साधी कसोटी अशी. कुत्र्याला उभे करून पोटाखालून आधार द्यायचा आणि एक मागचा पंजा हलकेच उलटा करून त्याची वरची बाजू जमिनीला टेकवायची. निरोगी कुत्रा क्षणात पंजा सरळ करतो. आधार दिला तर सांधेदुखीचा कुत्राही बहुधा तो सरळ करतो. मज्जारज्जू बाधित असेल, तर पंजा तसाच उलटा राहतो आणि कुत्रा निवांत समोर बघत असतो. आधार न देता ही कसोटी केली, तर वेदनेने न हलवलेला पायही नसेचा दोष वाटू शकतो.

सांध्यांच्या गटात नागपूरच्या घरांत नेहमी आढळणाऱ्या जातींचे आजार जवळपास ठरलेले आहेत. पॉमेरेनियन आणि तत्सम लहान कुत्र्यांत गुडघ्याची वाटी आतल्या बाजूला सरकते. कुत्रा पळता पळता एक पाय उचलतो, तीन पायांवर चार उड्या मारतो आणि पुन्हा काहीच न झाल्यासारखा धावतो. वजनदार लॅब्राडोर आणि रॉटवायलर यांच्यात गुडघ्यातला पुढचा अस्थिबंध झिजून तुटतो. मांडीचे हाड एका हाताने धरून दुसऱ्या हाताने नडगी पुढे सरकते का ते डॉक्टर पाहतात. स्नायू ताठ ठेवणाऱ्या मोठ्या कुत्र्यात यासाठी थोडी भूल द्यावी लागते, आणि ती दिली नाही म्हणून हा दोष अनेकदा निसटतो. दोन्ही गुडघ्यांतले अस्थिबंध एकाच सुमारास गेले, तर कुत्र्याला उठताच येत नाही. मग ‘लकवा झाला’ असे म्हणून मणक्याचे उपचार सुरू होतात, आणि गुडघ्याला कोणी हातही लावत नाही.

पिल्लांची गोष्ट वेगळी. दूध-पोळी किंवा दूध-भातावर वाढवलेले, नाहीतर हाडाशिवायचे नुसते चिकन खाणारे चार-पाच महिन्यांचे पिल्लू पाय वाकवून चालू लागते, उचलले की ओरडते आणि एके दिवशी सोफ्यावरून उडी मारल्यावर मागचे पाय टाकते. मांसात फॉस्फरस कॅल्शियमच्या कित्येक पट असतो. हा तोल सांभाळण्यासाठी शरीर हाडांतून कॅल्शियम काढून घेते आणि हाडे कागदासारखी पातळ होतात. रक्तातले कॅल्शियम मात्र अहवालात बहुधा ठीक दिसते, कारण ते ठीक ठेवण्यासाठीच हाडे रिती होत असतात. अहवाल ‘नॉर्मल’ आला म्हणून आहार निर्दोष ठरत नाही. इथे एक्स-रे आणि जेवणाचा हिशेब या दोनच गोष्टी खरे सांगतात. उलट टोकाला, मोठ्या जातीच्या पिल्लाला चांगले खाद्य चालू असताना वरून कॅल्शियम पाजत राहिले, तर त्यानेही हाडांची वाढ बिघडते.

बिघाड मज्जारज्जूत आहे असे दिसले, की तो नेमका कोणत्या टप्प्यात हे शोधायचे. कुत्र्याच्या पाठीला १३ छातीचे आणि ७ कमरेचे मणके असतात. मागच्या पायांना थेट नसा पाठवणारा मज्जारज्जूचा भाग कमरेकडे असतो. दोष या भागाच्या पुढे, म्हणजे डोक्याच्या दिशेला असेल, तर मेंदूचा हुकूम पायापर्यंत पोहोचत नाही, पण स्थानिक जोडणी शाबूत असते. गुडघ्याखाली हातोडीने टिचकी मारली की पाय उडतो, कधी नेहमीपेक्षा जोरात. दोष कमरेतल्या त्या भागातच असेल, तर पाय सैल पडतो, उडत नाही आणि मांडीचे स्नायू लवकर सुकतात. मूत्राशयही याच नियमाने वागते: पहिल्या प्रकारात ते तट्ट फुगते आणि दाबूनही रिकामे होत नाही, दुसऱ्यात सैल राहते आणि लघवी गळत राहते.

पाठीच्या कातडीची तपासणी तर याहून बारकाईची. कमरेपासून सुरुवात करून मणक्यांच्या दोन्ही बाजूंना कातडीला चिमटा घेत पुढे सरकतात. निरोगी कातडी, माशी बसल्यावर थरथरते तशी थरथरते. मज्जारज्जू दुखावला असेल, तर मागे काहीच होत नाही आणि एका जागेपासून पुढे थरथर अचानक सुरू होते. दोष त्या जागेच्या थोडा पुढे असतो. यासाठी यंत्र लागत नाही, पण यामुळे एक्स-रे किंवा एमआरआय कुठला घ्यायचा हे ठरते.

सगळ्यांत निर्णायक कसोटी खोल वेदनेची. पाय पूर्ण लुळा झालेल्या कुत्र्याच्या मागच्या बोटाचे हाड चिमट्याने दाबतात. पाय आखडला की घरच्यांना हायसे वाटते, ‘पायात जीव आहे’ म्हणून. पण ते आखडणे ही मज्जारज्जूतली स्थानिक प्रतिक्षिप्त क्रिया असते, मेंदूला त्याचा पत्ताही नसेल. पाहायचे असते ते तोंडाकडे. कुत्रा मान वळवून बघतो का, कुंईकुंई करतो का, चावायला येतो का? तसे झाले तर वेदना वर पोहोचते आहे. गादी सरकून लुळ्या झालेल्या पण ही वेदना शाबूत असलेल्या कुत्र्यांपैकी सुमारे ९० टक्के शस्त्रक्रियेनंतर पुन्हा चालू शकतात. वेदनाच नाहीशी झाली असेल, तर हे प्रमाण जवळपास निम्म्यावर येते. म्हणूनच सकाळी चालणारा आणि संध्याकाळी मागचा भाग ओढणारा कुत्रा ‘उद्या बघू’ म्हणून घरी ठेवता येत नाही.

गादी सरकण्याचा हा आजार डॅशहाउंड, शिह त्झू, ल्हासा अॅप्सो आणि बीगल या जातींत तारुण्यातच गाठतो, साधारण ३ ते ७ वर्षांच्या दरम्यान. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात याचे मूळ एफजीएफ-४ या जनुकाच्या एका जादा प्रतीत सापडले. तीच प्रत पायही आखूड करते, म्हणजे ज्या ठेंगणेपणावर माणूस भाळला त्याच्याच सोबत मणक्यांच्या गाद्या अकाली कडक झाल्या. गादी बहुधा छाती संपून कंबर सुरू होते तिथे फुटते. पाठ कमानीसारखी वर काढलेला, उचलताच किंचाळणारा कुत्रा हे तिचे नेहमीचे रूप. मोठ्या, वयस्क कुत्र्यांत गादी फुटत नाही, हळूहळू फुगत जाते आणि त्रासही संथपणे वाढतो.

मज्जारज्जूचा झटका याच्या अगदी उलट वागतो. गादीतल्या पदार्थाचा कण रक्तवाहिनीत अडकतो. चेंडूमागे धावणारा मोठा कुत्रा एकदम ओरडतो, खाली बसतो आणि एक पाय दुसऱ्यापेक्षा जास्त लुळा पडतो. पण काही तासांनी पाठ दाबली तर दुखत नाही, आणि पहिल्या २४ तासांनंतर त्रास वाढत नाही. इथे शस्त्रक्रियेची गरज नसते. व्यायाम आणि शुश्रूषा यांनी बरेच कुत्रे सुधारतात.

खरी परीक्षा होते ती म्हाताऱ्या जर्मन शेफर्डच्या बाबतीत. नऊ-दहा वर्षांचा कुत्रा मागे झुकून चालतो, नखे घासतात. एक्स-रे काढला जातो आणि त्यात खुब्याचा सांधा झिजलेला स्पष्ट दिसतो. निदान झाले असे सगळ्यांनाच वाटते. वेदनाशामक गोळ्या सुरू होतात आणि महिन्यांमागून महिने कुत्रा खालावत जातो. या जातीत खुब्याचा दोष इतका सामान्य आहे की तो एक्स-रेत सापडला यात नवल काहीच नाही. प्रश्न असतो तो आजच्या अशक्तपणाला तोच जबाबदार आहे का हा. खुबेदुखीचा कुत्रा पंजा उलटा ठेवत नाही. पंजा उलटा राहत असेल आणि पाठ-खुबा दाबून वेदनाही नसेल, तर मज्जारज्जूच्या ऱ्हासाचा, म्हणजे डीजनरेटिव्ह मायलोपॅथीचा विचार करावा लागतो. शेपटी उचलताना किंवा कमरेचा शेवटचा मणका दाबताना कुत्रा दचकत असेल, तर तिथे नसा चेपल्या आहेत का ते पाहावे लागते, आणि त्यावर उपाय असतो.

डीजनरेटिव्ह मायलोपॅथीचे वर्णन १९७३ मध्ये प्रथम झाले आणि २००९ मध्ये एसओडी-१ या जनुकातला बदल तिच्याशी जोडला गेला. माणसातल्या मोटर न्यूरॉन आजाराच्या काही आनुवंशिक रूपांतही हेच जनुक बिघडलेले असते. जनुकाची चाचणी आज करता येते, पण तिने धोका कळतो. दोन्ही प्रती सदोष असलेल्या कुत्र्यालाही आयुष्यभर आजार होईलच असे नाही. पक्के निदान मृत्यूनंतर मज्जारज्जू सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच होते. जिवंतपणी हे नाव द्यायचे ते गादी, गाठ, संसर्ग अशी उपचार करण्याजोगी कारणे वगळल्यावर, आधी नव्हे. ‘यावर काही उपाय नाही’ हे वाक्य ज्या घाईने उच्चारले जाते, तेवढ्या घाईने ते उच्चारण्याचा आधार बहुतेक वेळा नसतो.

विदर्भातल्या कुत्र्याबाबत परदेशी पुस्तकांतल्या यादीला काही स्थानिक नावे जोडावी लागतात. पहिले गोचिडांचे. ऑस्ट्रेलियात गोचिडाच्या विषानेच थेट लकवा होतो, पण ती जात इथे नाही. इथली तपकिरी गोचीड एर्लिकिया आणि बॅबेशिया हे रक्तातले जंतू पसरवते. ताप, फिकट हिरड्या, कमी झालेल्या प्लेटलेट आणि दुखणारे सांधे यांमुळे कुत्रा उठायला तयार होत नाही. रक्ताचा पूर्ण तपास आणि काचपट्टीवरची तपासणी इथे आवश्यक असते. पण खुब्याच्या एक्स-रेचा सापळा इथेही आहे. झटपट किटवर एर्लिकियाच्या प्रतिपिंडांची रेघ उमटली, तर त्या जंतूशी कधीतरी गाठ पडली होती एवढेच ठरते. गोचिडांच्या प्रदेशात अशी रेघ निरोगी कुत्र्यातही उमटते. पंजा उलटा राहणाऱ्या कुत्र्याला त्या रेघेवर विसंबून महिनाभर डॉक्सीसायक्लिन देत बसले, तर गादीचा आजार हातचा जातो.

दुसरे नाव डिस्टेंपर. लस न झालेले पिल्लू डोळ्यांतली चिपडे, खोकला, जुलाब यांतून वाचते आणि काही आठवड्यांनी मागचे पाय लटपटू लागतात. झोपेतही एखादा पाय किंवा जबडा तालात उडत राहिला, तर ही खूण फारशी चुकत नाही.

तिसरे रेबीज. पिसाळलेला कुत्रा म्हणजे धावून चावणारा, ही समजूत अर्धीच खरी आहे. मूक प्रकारात तो कोपऱ्यात बसतो, पाय लुळे पडतात, जबडा लोंबतो, लाळ गळते, आवाज बदलतो. घशात हाड अडकले असेल म्हणून तोंडात हात घालणाऱ्यांना यातूनच धोका होतो. लसीचा पुरावा नसलेला, अचानक लुळा पडत चाललेला कुत्रा, विशेषतः रस्त्यावरचा, हातमोजे घालूनच हाताळावा. लाळ जखमेला लागली, तर साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन त्याच दिवशी लसीसाठी दवाखाना गाठावा.

पावसाळ्यात मण्यारही आठवावी. तिच्या दंशाला सूज येत नाही, खूण सापडत नाही. रात्री धडधाकट असलेला कुत्रा पहाटे लटपटतो आणि अशक्तपणा श्वासाच्या स्नायूंपर्यंत चढत जातो. पारा ४५ अंशांपलीकडे जाणाऱ्या मे महिन्यात दुपारी फिरवून आणलेला कुत्रा मागच्या पायांवर कोसळला, तर गुदद्वाराशी थर्मामीटर लावून पाहणे हीच पहिली तपासणी. आणि मोठ्या जातीचा वयस्क कुत्रा बसल्या जागी गळून गेला व हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या, तर दोष पायांत नसून प्लीहेच्या फुटलेल्या गाठीतून पोटात रक्त वाहत असू शकते. तिथे सोनोग्राफी मिनिटांच्या हिशेबाने लागते.

तपासण्यांचा क्रम या सगळ्यानंतर येतो. साधा एक्स-रे हाड मोडले का, मणके संसर्गाने खाल्ले गेले का, सांधा झिजला का हे दाखवतो. मज्जारज्जू आणि बहुतेक गाद्या त्यात दिसत नाहीत, म्हणून ‘एक्स-रे चांगला आहे’ म्हणजे ‘पाठ चांगली आहे’ असे होत नाही. रक्तात पेशींबरोबर साखर, पोटॅशियम, कॅल्शियम आणि थायरॉइड पाहतात. थोडे चालल्यावर गळणारा आणि विश्रांतीने पुन्हा उभा राहणारा कुत्रा असेल, तर हृदय आणि मायस्थेनिया (नस-स्नायूंच्या जोडणीचा आजार) यांचा तपास करतात. मज्जारज्जू प्रत्यक्ष पाहण्याचे उत्तम साधन एमआरआय. त्याला पूर्ण भूल द्यावी लागते, खर्च मोठा असतो आणि कुत्र्यांसाठी ती सोय मोजक्या शहरांतच मिळते. सीटी किंवा मज्जारज्जूभोवती रंगद्रव्य सोडून काढलेला एक्स-रे हे त्याचे पर्याय.

नागपूरचे एक भाग्य असे की पशुवैद्यकीय शिक्षणाचे केंद्र शहरातच आहे. सेमिनरी हिल्सवरचे नागपूर पशुवैद्यक महाविद्यालय १९५८ चे. २००० साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालयही नागपूरच. महाविद्यालयाच्या रुग्णालयात शस्त्रक्रिया, औषधोपचार आणि विकृतिशास्त्र हे विभाग एकाच छताखाली भेटतात, आणि अनेक कारणे वगळत जाणाऱ्या या आजारात त्याचा उपयोग होतो. मोठ्या तपासण्यांसाठी काही जण मुंबई गाठतात. तिथे महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचे प्राण्यांचे रुग्णालय २०२४ मध्ये सुरू झाले. कुठेही जायचे, तर आधीचे एक्स-रे, रक्ताचे अहवाल आणि दिलेल्या प्रत्येक औषधाचे नाव व तारीख सोबत असावी. हे सर्वांत महत्त्वाचे स्टेरॉइडच्या बाबतीत. त्यावर दुसरी वेदनाशामक गोळी पडली तर जठराला छिद्र पडू शकते. माणसांची आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक तर कुत्र्याला घरी कधीच देऊ नये.

निदान होईपर्यंतच्या दिवसांतही काही कामे थांबत नाहीत. मणक्याची शंका असलेला कुत्रा काखेत उचलून नेऊ नये. प्लायवूडच्या फळीवर आडवा निजवून, पट्ट्याने हलके बांधून न्यावा, आणि घरी उडी मारता येणार नाही अशा लहान जागेत ठेवावा. गादीच्या दुखण्यात ही सक्तीची विश्रांती चार ते सहा आठवड्यांची असते, आणि तिसऱ्या दिवशी कुत्रा उड्या मारू लागला म्हणून ती मोडायची नसते. लघवी होत नसेल, तर दिवसातून तीन-चार वेळा मूत्राशय हाताने दाबून रिकामे करावे लागते. ते डॉक्टरांकडून प्रत्यक्ष शिकून घ्यावे. लुळा कुत्रा दर चार तासांनी कूस बदलून निजवावा, अंगाखाली जाड गादी आणि वर धुता येईल अशी चादर असावी. चालवताना पोटाखालून टॉवेलची झोळी धरली, की पंजे घासत नाहीत. पंजा उलटा पडतो का, कातडी कुठपर्यंत थरथरते आणि बोट दाबल्यावर कुत्रा वळून पाहतो का, या तीन गोष्टी प्रत्येक भेटीत पुन्हा तपासून तारखेसह नोंदवल्या जातात. मागच्या नोंदीपेक्षा उत्तर वाईट आले, तर आधी ठरवलेले निदान बाजूला ठेवून तपासणी पुन्हा पहिल्यापासून होते.